वकीलसाहेबांनी पसंत केलेली सेवा

अन्याय झाला तो हुपरीच्या मालनआक्कांवर आणि त्यांच्या महिला गटावर. कधी झाला? सन दोन हजार आठ, दिवाळी सरल्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळी दुकानांची शटर वर जायच्या वेळेला. कुणी केला? एका तंत्रज्ञान कंपनीने. तिचं नाव लिहीत नाही, कारण त्या नावाने ती आता धंदा करत नाही, आणि ज्या नावाने करते असं लोक म्हणतात ते मला सिद्ध करता येणार नाही. आणि त्या कंपनीच्या सेवेवर ‘पसंत’ असा शेरा कुणी मारला होता? आमच्या वकीलसाहेबांनी.

हे आधीच लिहून टाकते. वकीलसाहेबांचा विषय निघाला की कोल्हापुरात लोक हसायला लागतात, मीही लागते, आणि त्या हसण्यात मालनआक्का कुठल्या कुठे मागे पडतात.

वकीलसाहेब वकिली करत नसत. सनद होती, काळा कोट होता, पण कोर्टात त्यांना पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. एकदा न्यायाधीशांनी बोलता बोलता मध्येच थांबवलं म्हणून ते जे बाहेर पडले ते परत आत गेले नाहीत. "मला बोलू देत न्हाईत तितं मी कशाला तोंड शिणवू?" मग त्यांनी ग्राहकांची संघटना काढली. सायकलच्या दुकानावरची एक खोली, तीन खुर्च्या, आणि त्यांना थांबवणारं कुणी नाही. मी तिथे गेले ती पत्रकं लिहायला. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. ते मला ‘पत्रक’च म्हणत. "ए पत्रक, खिडकी लाव." "पत्रक, च्या सांग, साखर कमी."

त्यांचे वडील मुरगूडकडचे, जनावरांच्या बाजारातले दलाल. साहेबांचं बालपण म्हशींच्या शेपटांमागे गेलं, आणि कायद्याच्या पदवीने त्यांच्यातला तो बाजार तसूभर हलला नाही. कुठलीही वस्तू, कुठलीही सेवा ते म्हैस बघावी तशी बघत. टेलिफोन खात्याचा माणूस असो की केबलवाला, आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारायचे. त्या माणसाला वाटायचं, आपल्या पाठीला काहीतरी लागलंय.

त्यांच्या तपासणीचं मूळ एका रिवाजात होतं. आमच्या भागात जनावर विकलं की विकणारा आपलं दावं सोडून घरी नेतो. जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही. घेणाऱ्याने स्वतःचं दावं आणायचं आणि स्वतःच्या हाताने बांधायचं. साहेबांनी हा रिवाज उचलला आणि साऱ्या आधुनिक जगाला लावला. कुणी मासिक वर्गणीची काही सेवा घेऊन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "पावणं, दावं कुणाचं?"

पावणं बावचळायचं.

"म्हंजे असं बघा. मी दर म्हैन्याला तुमाला देतोय. उद्या मी न्हाय म्हटलं, तर माझं जे काय तुमच्याकडं हाय ते घेऊन मला जाता येतंय का? येत नसंल, तर दावं तुमचं. मग म्हस बी तुमची. मी नुस्ता वैरण घालाय ठेवलेला गडी."

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला कोल्हापुरात इंटरनेट आलं तेव्हा एका कंपनीने त्यांना ‘आजीवन ईमेल’ देऊ केलं होतं. ही मी ऐकलेली गोष्ट. साहेबांनी त्या प्रतिनिधीला तासभर बसवून घेतलं आणि एकच विचारलं, "आजीवन म्हंजे कुणाच्या जीवनापतुर? माझ्या का कंपनीच्या?" तो म्हणाला, "सर, अर्थातच तुमच्या." साहेबांनी घेतलं. दोन वर्षांत कंपनी गेली. साहेबांनी चौकातल्या तालमीच्या फळ्यावर काळी चौकट आखून भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली, खाली ‘शोकाकुल: आजीवन सभासद’. तालमीची पोरं खरंच कुणीतरी गेलं म्हणून चौकशी करायला वर आली. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि मयताची सगळी हकिकत सांगितली.

पुढे मोबाइल आला. कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि साहेबांच्या फोनला गाणं चिकटलं. त्यांना फोन करणाऱ्याला रिंगच्या जागी एक नटी लाडात येऊन ‘ये ना’ म्हणायची. हे गाणं काही केल्या सुटेना. सोडवायला ज्या नंबरवर फोन करायचा तिथे यंत्र बोलायचं, आणि साहेब यंत्राला थांबवून युक्तिवाद करायचे. "एक मिन्ट बाई. माझं ऐकून घ्या. मी हे मागितलंच न्हवतं." यंत्र पुढचा पर्याय सांगायचं. साहेब फोन माझ्याकडे देऊन म्हणायचे, "हिला बी न्यायाधीश कराय पायजे." गाणं उन्हाळाभर राहिलं. ग्राहक न्यायालयातल्या एका गंभीर बाई त्यांच्याशी त्यानंतर कायम जरा अंतर ठेवून बोलत.

या दोन फजित्यांतून त्यांची तपासणीची पद्धत पक्की झाली. प्रतिनिधीने पडद्यावर दाखवायला आणलेलं ते बघायचेच नाहीत. "बाजारात आणायच्या आदी म्हशीची धार काढत न्हाईत. कास तुंबलेली दिसती. गिऱ्हाइकाला वाटतंय, व्वा! तुमचं हे दाखवणं तुंबवलेलं हाय. बंद करा." मग आपलं काहीतरी आत टाकायला लावायचे आणि टाकून झाल्याझाल्या उठून चप्पल घालायचे. त्या कोल्हापुरी चपलेचा करकर आवाज आला की समोरच्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

"मी निघालो."

"सर, अजून तर सुरू..."

"सुरू झालं ते बघितलं. आता मी निघालो. खाली जाऊन च्या पिऊन येतो. तवर माझं सामान भाईर काढून ठेवा आनि आत माझं कायसुदिक ऱ्हाऊ देऊ नका."

आणि खरंच जायचे. परत येईपर्यंत सामान बाहेर आलं तर ठीक, नाहीतर चौकातल्या फळ्यावर कंपनीचं नाव आणि पुढे ‘नको’. एवढाच अहवाल. कारण, खुलासा, काही नाही. बरेचजण म्हणायचे, "सर, पहिल्याच दिवशी कुणी बाहेर पडत नाही." त्यावर साहेब शांतपणे, "म्हनून तर मी पडतोय." मराठी अक्षरांचे चौकोन करणाऱ्या एका चांगल्या सेवेलाही त्यांनी ‘नको’ दिलं. मी भांडले, की बाकी सगळं उत्तम आहे. ते म्हणाले, "माझं नाव खिडक्या-खिडक्यांचं लिवलंय. मी काय चाळ हाय व्हय?"

दोन हजार सातच्या सुमाराला ‘क्लाऊड’ हा शब्द घेऊन टायवाली पोरं यायला लागली. तुमचं सामान तुमच्या संगणकावर नाही, आमच्याकडे, तुम्ही कुठूनही बघा, वर्षाला वर्गणी. ढगावरचे विनोद आम्ही पहिल्या आठवड्यातच करून संपवले. साहेबांनी ओळीने सगळ्यांना ‘नको’ लिहिलं. फळा भरला. तालमीच्या पोरांना कबड्डीच्या स्पर्धेची जाहिरात लिहायला जागा उरेना.

मग तो आला.

तो म्हणजे या कंपनीचा प्रतिनिधी, प्रसाद. कागलकडचा, टाय होता पण गाठ मारलेली नव्हती, अडकवलेली होती. छोट्या धंदेवाल्यांसाठी सेवा होती: मालाचे फोटो चढवायचे, परगावच्या दुकानदारांना एक परवलीचा शब्द द्यायचा, तो टाकून ते फोटो बघणार आणि माल मागवणार. साहेबांनी त्याच्याभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "पावणं, दावं कुणाचं?"

प्रसाद हसला. बॅग उघडली आणि घायपाताचं कोरं करकरीत दावं काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, आमच्या आज्ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी हायत्या. मला ठावं न्हाय व्हय? दावं तुमचं. बांधा तुमच्या हातानं."

साहेब खुर्चीतून उठले. पोराच्या पाठीवर अशी थाप मारली की टाय निसटून खाली पडला. "पत्रक! हे बघ! ह्याला म्हनत्यात माणूस! च्या न्हवं, दूध सांग. मलईचं!"

तपासणी झाली. साहेबांनी चार फोटो आत टाकले, चारही स्वतःचे, कोटातले. एकात ते कपाळाला बोट लावून विचार करत होते. चप्पल घातली, निघाले, तर अर्ध्या जिन्यातूनच हाका मारून परत बोलवावं लागलं. चारही फोटो बाहेर, आत काही शिल्लक नाही.

मी म्हणाले, "साहेब, ते बारीक अक्षरातले नियम तरी वाचू या की."

"पोराच्या घरात दोन म्हशी हायत्या, आनि तू अक्षरं बघतीस?"

त्या संध्याकाळी फळ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ‘पसंत’ उमटलं. मोठ्या अक्षरात, दोनदा गिरवलेलं. खाली सही.

हुपरीच्या मालनआक्का त्या आठवड्यात कोल्हापुरात दवाखान्यात आल्या होत्या. त्यांनी फळा वाचला. त्यांचा गट म्हणजे घरात बसून पैंजण जुळवणाऱ्या बायका. आधी सगळा माल एका शेठजींच्या दारात जायचा. नक्षी बायकांच्या डोक्यातली, आणि दुकानात नाव शेठजींचं. या सेवेवर फोटो चढवल्यावर नागपूरचा, जळगावचा दुकानदार थेट त्यांच्याशी बोलायला लागला. मालनआक्का एकदा मिठाईचा पुडा घेऊन आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "आता शेठजी आमाला आदी रामराम घालत्यात." साहेब ते वाक्य महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते, जणू रामराम त्यांनाच घातला होता.

आणि मग तो सोमवार.

मालनआक्का खोलीत आल्या त्या बसल्या नाहीत. कंपनीने नवे नियम आणले होते. आता सगळ्या नक्षी कंपनीच्या एका सामाईक बाजारात लागणार, कुणीही व्यापारी बघणार, शेठजीसुद्धा. कबूल करा, नाहीतर खातं बंद. बायकांनी कबूल केलं नाही. सोमवारी सकाळी खातं बंद झालं, फोटो आत.

"दुसरीकडं कुठं फोटो नाहीत?" मी विचारलं.

"कुटलं? गटाचा एकच कॅमेरा. भरला की पुसायचा. त्या टायवाल्यानंच सांगिटलं, वर चढवलं की तुमच्याकडं ठेवू नगासा. आनि पैंजण तर इकून गेलं की. लग्नं तोंडावर आल्यात, नागपूरवाला म्हनतोय मागल्या सालची ती कोयरीची जाळी पाठवा. आता कुटली जाळी? धा हातांनी धा जाळ्या केलेल्या. कुनाच्या ध्येनात ऱ्हातंय?"

साहेब म्हणाले, "थांबा, थांबा. भाईर येतंय ते. मी स्वता बघितलंय. माझे चार फोटो अर्ध्या जिन्यात..."

"तुमचे चारच हुते, साहेब," मालनआक्का म्हणाल्या. "आमचं अख्खं घर आत हाय."

वकीलसाहेबांना बोलता बोलता थांबवणारी ती दुसरी व्यक्ती. न्यायाधीशांसमोरून ते उठून गेले होते. इथे उठले नाहीत. चहा आला, तसाच राहिला. मालनआक्का जाताना दारात एवढंच म्हणाल्या, "फोटो न्हाय मिळालं तर परत शेठजींच्या दारात उबं ऱ्हायाचं. मी एकटी ऱ्हाईन हो, पण ज्या पोरींना घेऊन मी भाईर पडले त्यास्नी काय सांगू?"

मी रातोरात पत्रक लिहिलं. ‘जागे व्हा’पासून सुरुवात आणि प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह. सकाळी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, जे ते माझ्या कुठल्याच पत्रकाचं करत नसत.

"हे कुनाच्या विरुद्ध हाय?"

"कंपनीच्या."

"माझं नाव कुटं हाय ह्यात?"

"तुमचं कशाला असेल?"

"मग हे खोटं हाय," म्हणाले आणि घडी घालून परत दिलं.

पुढच्याच आठवड्यात कंपनीने स्टेशनजवळच्या एका हॉटेलात धंदेवाल्यांची सभा ठेवली. उपमा, चहा आणि माहिती. साहेब, मालनआक्का आणि मी, तिघंही गेलो. दारातच मोठा फलक, आणि फलकावर काय? चौकातल्या आमच्या फळ्याचा फोटो! ‘पसंत’, दोनदा गिरवलेलं, खाली साहेबांची सही. वर छापलं होतं: कोल्हापूरने पसंत केलेली सेवा. साहेब फलकाजवळ गेले, आपलं अक्षर नीट बघितलं आणि म्हणाले, "‘प’ जरा वाकडा आलाय."

हॉल भरलेला. पुण्याहून एक मॅनेजर आलेले. प्रसादने आम्हाला पाहिलं आणि माइकवरून ओरडला, "मंडळी, ज्यांनी ह्या सेवेला पसंत म्हटलं ते वकीलसाहेब स्वतः आलेत! टाळ्या!" टाळ्या पडल्या. साहेब व्यासपीठावर चढले. देवळात काढावी तशी खाली चप्पल काढून चढले. मागोमाग मालनआक्का.

"फळ्यावरचं अक्षर माझंच हाय," साहेब म्हणाले. "मी ही म्हस बघितली, माझे चार फोटो टाकून बघितली, आनि तुमाला सांगितलं घ्या. ह्या बाईंनी माझं ऐकून घेतली. आता मी काय बोलत न्हाय. त्या बाई निघाल्यात. त्यांचं सामान भाईर काडा. हितंच, ह्या पडद्यावर."

प्रसादने मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजरांनी छताकडे. मालनआक्कांनी आपलं खातं उघडायला लावलं. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. मी मागून मोठ्याने मराठीत वाचली: आपले खाते बंद आहे, नवे नियम मान्य करा. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आनि न्हाय केलं तर?" मॅनेजर म्हणाले, "तांत्रिक बाब आहे, आपण नंतर वैयक्तिक..."

साहेबांनी खाली उतरून चप्पल घातली. त्या शांत हॉलमध्ये ती काय करकरली!

"मी च्या पिऊन येतो."

गेले. हॉलमधला उपमा गार होत होता. सगळे पडद्यावरच्या पाटीकडे बघत बसले. साहेब परत आले, दारातून पाटी बघितली, म्हणाले, "आनि एक घेतो." दुसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर पुढच्या रांगेतले चारपाचजण उठून गेले. तिसऱ्या खेपेला निम्मा हॉल. समोरच्या टपरीवर गर्दी झाली, कुणीतरी साहेबांना विचारत होतं, "वकीलसाहेब, मग आमचं बी आत हाय, ते कसं काडायचं?" खिडकीतून हे बघून मॅनेजर फोनवर पुण्याशी कुजबुजायचे ते ओरडायला लागले.

खातं उघडलं.

पण सगळे फोटो एकदम बाहेर यायची सोयच नव्हती. चार-चार करून यायचे! साहेबांचे नेमके चार होते. मालनआक्का प्रत्येक नक्षी आली की नाव घ्यायच्या, "ही शेवंताची वेल... ही पारूची साखळी... हीच ती कोयरीची जाळी, लिव गं पोरी!" धंदेवाले परत आत येऊन बसले होते आणि चांगली नक्षी आली की ‘व्वा’ म्हणत होते. मी सीडीवर उतरवून घेत होते. दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं, हॉटेलचा जनरेटर धडधडला. आणि थोड्या वेळाने तोही थांबला. सभेपुरताच सांगितलेला होता, आणि सभा संपली होती. मॅनेजरांनी अंधारात केवढा तरी सुटकेचा श्वास टाकला. "राहिलेले मेलने पाठवतो, मॅडम."

ते मेल आलं नाही. उन्हाळ्यात कंपनीने कोल्हापूरची शाखा गुंडाळली. राहिलेल्या नक्षी कुठे आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. जेवढ्या आल्या तेवढ्यांवर गटाने ती लग्नसराई काढली, नागपूरवाला टिकला, जळगावचा गेला. शेठजींच्या दारात कुणी उभं राहिलं नाही. पण पारूच्या हातची एक नक्षी पारूलाही परत जमली नाही, आणि ती मला अजून सांगते, "ताई, हुती तशी न्हाई व्हत."

साहेबांनी सभेच्या त्याच संध्याकाळी फळ्यावरचं ‘पसंत’ पुसलं आणि लिहिलं: ही सेवा मी पसंत केली होती. मी चुकलो. खाली पूर्ण नाव, सनद क्रमांकासकट. तालमीची पोरं स्पर्धेसाठी फळा मागायला आली, तर म्हणाले, "अजून सगळ्यांनी वाचलं न्हाय." कित्येक आठवडे ते तिथेच होतं. येणारे-जाणारे हसायचे. साहेब खिडकीतून ओरडायचे, "हसा, पर वाचा!"

त्यानंतर त्यांनी स्वतःच्या फोटोंवर तपासणी करणं सोडलं. ज्याचं सामान आहे त्याच्या घरी जायचे, सगळं सामान आत टाकलेलं असताना जायचे, वर्ष झाल्यावर जायचे. अहवाल लांबले, फळ्यावर मावेनात. आता ते मुरगूडला असतात. मी फोन केला की पहिलं विचारतात, "पत्रक, काय सुटलं का ग तिकडं कुनाचं?"

म्हणून ही मागणी, आणि ती कंपनीकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या लेकीच्या बारशाचे फोटो, तुमच्या पतसंस्थेचे सभासद, तुमच्या दुकानाची गिऱ्हाइकं, जे काही तुम्ही वर्गणी भरून दुसऱ्याच्या हवाली केलंय, ते आज बाहेर काढा. नमुन्याला चार नको, सगळं. एक जरी अडकलं तरी घरात बसून चरफडू नका आणि आमच्याकडे तक्रार घेऊन येऊ नका. ती कंपनी तुमच्या गावात पुढची सभा कधी घेते ते शोधा, सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या रांगेत बसा, आणि माइक हातात आला की तुमचं नाव सांगून मागा.